डाव्या बुटाची नाडी

उजव्या बुटाची नाडी गच्च आवळलेली होती. डाव्या बुटाची मात्र बोटांकडच्या दोन भोकांतून काढूनच टाकलेली, आणि वर नुसती एक गाठ. मी दुसऱ्याच एका पोराचा घोटा टेपने बांधत होते तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं. सराव सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी काही बोलले नाही, पण त्या बुटांतला मुलगा कोर्टवर गेल्यावर माझी नजर त्याच्या पायांवरून हटेना.

मंगळवार, ९ जुलै २०२४, लास वेगास. दोनच दिवसांपूर्वी इथल्या विमानतळावर ४८.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, या शहरातली आजवरची सर्वांत जास्त. हॉटेल, बस, जिम आणि परत बस एवढंच आमचं जग होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची भायखळ्याची, आता बरीच वर्षं अमेरिकेत. एनबीए या इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाच्या वैद्यकीय चमूत काम करते. कुठला संघ ते सांगत नाही, आणि या मुलाबद्दलचे काही तपशीलही मुद्दाम बदलले आहेत. गोष्ट त्याची आहे, त्याची ओळख पटता कामा नये.

समर लीगबद्दल थोडं सांगायला हवं. एनबीएचा मोसम ऑक्टोबरला सुरू होतो. जुलैमध्ये नवी पोरं, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे खेळाडू आणि करार नसलेले होतकरू घेऊन संघ लास वेगासला येतात. २००४ साली सहा संघांनिशी ही स्पर्धा सुरू झाली, आता तीसही संघ असतात. सामने विद्यापीठाच्या आवारात, थॉमस अँड मॅक सेंटर आणि त्याला लागूनच असलेल्या छोट्या कॉक्स पॅव्हिलियनमध्ये होतात. प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळतात. सामना एनबीएसारखा ४८ नव्हे, ४० मिनिटांचा. आणि एरवी सहा फाउलवर बाहेर जावं लागतं, तिथे इथे दहा फाउलची मुभा. नवखी पोरं फाउल करणारच, आणि संघांना त्यांना बाकावर बसलेलं नाही, खेळताना बघायचं असतं.

त्या वर्षी २६ आणि २७ जूनला ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले. ५८ नावं पुकारली गेली. आमच्या या मुलाचं नाव त्यात नव्हतं. ड्राफ्ट संपल्यावर काही मिनिटांत त्याला फोन गेला: समर लीगला ये, पुढचं पुढे बघू. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पगार ठरलेला असतो, त्याच्यासाठी हे पाच सामने म्हणजे ओळख करून घेणं. निवड न झालेल्यासाठी तीच पूर्ण परीक्षा. संघात नियमित करार पंधरा, त्याखेरीज टू-वे करार तीन. टू-वेवाल्याला एनबीएतल्या नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मे पैसे मिळतात आणि तो मुख्य संघ आणि जी लीग, म्हणजे एनबीएचीच खालची लीग, यांच्यामध्ये ये-जा करतो. आमच्याकडे त्यातली एक जागा रिकामी होती. हे कॅम्पमधल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. कुणी ते उच्चारत नव्हतं.

लोकांना वाटतं, कॅम्पमध्ये पोरांना खेळ शिकवतात. खेळ त्यांना येतो. चार-पाच दिवसांत शिकवायची असते ती भाषा. पिक अँड रोलवर, म्हणजे एकाने आडवं उभं राहून चेंडूवाल्याला वाट करून दिली की, कुणी कुठे सरकायचं, कोपऱ्यातल्या नेमबाजाकडे कुणी धावायचं, कोचने दोन बोटं वर केली की कुठली चाल. समर लीगला बहुधा मुख्य संघाचाच एखादा सहायक कोच सूत्रं हाती घेतो. त्याच्यासाठीही ती परीक्षाच असते. आमचा कोच सकाळच्या सत्रात बचाव घ्यायचा आणि संध्याकाळी चाली. हा मुलगा दुसऱ्याच दिवशी सगळ्या चाली पाठ करून आला होता, आणि नुसत्या आपल्या जागेवरून नाही, पाचही जागांवरून. एखादा उंच सेंटर गोंधळला की हा मागून हळूच सांगायचा, ‘‘तू वर ये, वर.’’ कोचला तो आवडला होता. मलाही.

माझं काम सराव सुरू व्हायच्या आधी सुरू होतं. रोज सकाळी पोरं फोनवर चार प्रश्नांची उत्तरं भरतात: झोप, थकवा, अंगदुखी, कुठे विशिष्ट दुखतंय का. मग दोन काळ्या पाट्यांवर उभं राहून तीन उड्या. कुठल्या पायाने किती जोर लावला आणि उतरताना कुठल्या पायाने किती भार घेतला, ते पाट्या सांगतात. त्या सकाळी याने चारही प्रश्नांपुढे उत्तम लिहिलं होतं. वेदना शून्य. उडीही कालच्याइतकीच उंच. उतरताना मात्र डावा पाय भार झेलत नव्हता. काल थोडा कमी होता, आज बराच. आणि आता ही नाडी.

सरावात तो प्रत्येक वेळी डावीकडे घुसत होता. डावीकडे घुसायचं तर रेटा उजव्या पायाने लागतो. उजवीकडे जायची वेळ आली की तो पास द्यायचा. एक सहायक कोच कौतुकाने म्हणाला, ‘‘घाई करत नाही हा, पास बघतो.’’ दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या व्हिडिओवाल्याला मी त्याच्या तीन दिवसांच्या सगळ्या क्लिप एकामागोमाग लावायला सांगितल्या. पहिल्या दिवशी तो दोन्हीकडे जात होता. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर जोर देऊन एकदाही वळला नव्हता.

पायाच्या त्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागे, एक लांबट हाड असतं. त्याच्या मुळाशी एक जागा आहे जिथे रक्तपुरवठा बेताचाच पोचतो. तिथे हाड मोडलं तर जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननी १९०२ साली या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, आणि त्यातला एक पाय त्यांचा स्वतःचा होता, नाचताना मोडलेला. त्यांच्याच नावाने ते आजही ओळखलं जातं. बास्केटबॉलमध्ये हे नाव निघालं की खोली शांत होते. एनबीएतला बडा खेळाडू केव्हिन ड्युरँट याचं हे हाड २०१४ मध्ये मोडलं, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या मोसमात तो फक्त २७ सामने खेळला. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला बेन सिमन्स सराव कॅम्पमध्येच जायबंदी झाला आणि त्याचं पहिलं अख्खं वर्ष गेलं.

जुलैतल्या कॅम्पची मला जी धास्ती वाटते तिचं कारण वेगळं आहे. कॉलेजचा मोसम मार्च-एप्रिलमध्ये संपतो. मग ही पोरं मे-जूनमध्ये शहरोशहरी संघांपुढे चाचण्या देत हिंडतात. आज इथे तीन विरुद्ध तीन, उद्या विमान, परवा पुन्हा उड्या. याने नऊ शहरं केली होती. प्रत्येक ठिकाणी जीव तोडून. आणि मग लगेच दिवसाला दोन सत्रं. हाड जिवंत असतं. भार वाढला की ते जुना भाग आधी पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरायला काही आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. मधल्या काळात बाहेरून धडधाकट दिसणारं हाड आतून हलकं झालेलं असतं. नेमक्या त्याच काळात आपण या मुलांना म्हणतो, दाखव काय ते.

दुपारी तीनला तो आला. हॉटेलच्या मेजवानीच्या हॉलमध्ये गालिच्यावर आम्ही तपासणीची टेबलं मांडली होती.

‘‘डॉक, गुडघ्याला बर्फ हवाय.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘उजव्या.’’

बरोबरच होतं. सगळा भार तोच गुडघा वाहत होता. मी बर्फ बांधला आणि बोलता बोलता डाव्या पायाचा मोजा काढून बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याच्या आईने घरून पाठवलेल्या खाऊबद्दल तो काहीतरी सांगत होता. हाडाच्या मुळाशी अंगठा दाबला तेव्हा त्याने पाय मागे घेतला नाही, चेहराही हलला नाही. फक्त वाक्य अर्ध्यावर थांबलं.

मी अंगठा उचलला आणि स्टूल ओढून बसले. पुढे जे बोलले ते मी आधी ठरवलं नव्हतं.

‘‘तू काही सांगायच्या आधी हे ऐक. मी या संघाची माणूस आहे. तू मला जे सांगशील ते मला संघाच्या डॉक्टरांना सांगावं लागेल. तिथून ते वर जाईल.’’

तो बर्फाच्या पिशवीकडे बघत राहिला. ‘‘आणि मी काहीच बोललो नाही तर?’’

‘‘तर मला जे दिसलंय तेवढं मी सांगेन. नाडी, पाट्यांवरचे आकडे, व्हिडिओ. तुझ्या तोंडून आलं तर त्यात तुझं म्हणणंही येईल.’’

हे म्हणताना मला माझीच कीव आली असं नाही, पण घशाशी काहीतरी आलं. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी मुरगळलेला घोटा क्रेप बँडेजने करकचून बांधून खेळले होते. नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टवर वाढलेल्यांना दुखण्याचं कौतुक नसतं; मुलगे संध्याकाळी दिव्याखाली खेळायचे, आम्हा मुलींना पहाटेची वेळ मिळायची, आणि एक दिवस चुकला तर जागा गेली. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी खोटंच बोलले असते. तो घोटा आजही जिना उतरताना दगा देतो. माझ्यापुढे बसलेल्या मुलाला मी नीट ओळखत होते.

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, ‘‘तीन आठवडे झाले. सातव्या शहरात असताना सुरू झालं. सकाळी पाऊल टाकलं की कळ येते, मग बधिर होतं, मग खेळता येतं.’’ थोड्या वेळाने, ‘‘शुक्रवारी पहिली मॅच आहे. आईला सांगून ठेवलंय, टीव्हीवर बघ म्हणून. पाच मॅच होऊ दे डॉक, मग मी स्वतः येतो.’’

मी त्याला हो म्हटलं नाही. पूर्ण मोडलं तर काय होतं आणि आत्ता पकडलं तर काय होतं, ते समजावून सांगितलं. लवकर सापडलं आणि स्क्रू घालावा लागला तरी साधारण दोन-तीन महिन्यांत खेळाडू परततात. पाचव्या मॅचमध्ये, किंवा पहिल्याच मॅचच्या पहिल्या वळणावर, ते कडकन गेलं तर मोसमच हातचा जातो. ऐकून त्याने विचारलं, ‘‘मी नाही खेळलो तर मला बघणार कोण?’’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नाही, असंच मी सांगितलं.

डॉक्टरांना फोन केला. संध्याकाळी एक्स-रे, त्यात हाडाची बाहेरची भिंत जाडसर दिसली. मग एमआरआय. तो आत असताना मी बाहेर खुर्चीवर बसले होते. मुंबईत सकाळ झाली होती, बाबांचा फोन आला. चहा झाला का, ऊन फार आहे म्हणे तिकडे, असं बोलून दर वर्षीचा प्रश्न आलाच, ‘‘यंदा आपला कुणी आहे का गं तिथे?’’ सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसने ५२व्या क्रमांकावर निवडलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिलाच खेळाडू, तेव्हापासून बाबा हे विचारतात. २०२१ मध्ये प्रिन्सपाल सिंग सॅक्रामेंटोच्या समर लीग जिंकणाऱ्या संघात होता, तेव्हा ते पहाटे उठून स्कोअर बघत होते. ‘‘नाही बाबा, यंदा कुणी नाही,’’ मी म्हटलं. दार उघडून तो बाहेर आला. दोन्ही बूट हातात होते.

एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज होती आणि बाहेरच्या कडेला एक बारीक, अर्ध्यापर्यंत गेलेली भेग. अजून आरपार नव्हती. डॉक्टरांनी चित्र उजेडात धरून बोटाने दाखवलं आणि म्हणाले की याला एक सरावही आता नको. कोचला मी आणि डॉक्टरांनी मिळून सांगितलं. त्यांनी डोकं हातात धरलं, मग विचारलं, ‘‘त्याने स्वतः सांगितलं?’’ मी हो म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या नोंदीचं पुढे काय होईल हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं, पण ती लिहिली गेली याचा मला फार आधार वाटला.

संघाला एक गार्ड कमी पडला होता. दुसऱ्या एका कॅम्पमधून त्याच दिवशी सोडलेल्या मुलाला फोन गेला आणि तो रात्रीच्या विमानाने आला. साडेअकराला हॉलमध्ये पोचला तेव्हा बाहेर अजून चाळिशीच्या आसपास होतं. मी त्याची तपासणी करायला थांबले होते. फोनवरचे चार प्रश्न त्याने उभ्या उभ्याच भरले: सगळं उत्तम, वेदना शून्य. मी त्याला बूट काढायला लावले, दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि त्याच्याशीही तेच बोलले जे दुपारी बोलले होते. तो चक्रावून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला की मांडीचा मागचा स्नायू थोडा ओढतोय, आठवडाभर झाला. आम्ही त्यावर अर्धा तास काम केलं.

सामान आवरून मी निघाले तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला दिवा चालू होता. आमचा मुलगा पायाला बूट-प्लास्टर चढवून गालिच्यावर बसला होता, कुबड्या बाजूला टाकलेल्या. नवा मुलगा त्याच्यासमोर मांडी घालून. मधे माझ्याच कपाटातली टेपची पाच रिळं मांडली होती.

‘‘कोचने दोन बोटं दाखवली,’’ तो म्हणत होता, ‘‘की तू इथून निघायचं.’’ आणि त्याने एक रीळ हळूच उजवीकडे सरकवलं.