डीलर नेमताना लेखी करार: कोल्हापुरातल्या मसाल्याच्या धंद्यातला माझा अनुभव

आमच्या कांदा-लसूण मसाल्याचे सहा डीलर आहेत: सांगली, इचलकरंजी, कराड, रत्नागिरी, कणकवली आणि बेळगाव. सगळे तोंडी बोलीवर नेमलेले. त्यांना लेखी करारावर आणायला चार महिने लागले. करारात काय लिहिलं, काय काढून टाकलं आणि का, ते इथे मांडतो. मसाल्याऐवजी तुमचं पापड, पंप किंवा पशुखाद्य असलं तरी बराचसा भाग तसाच लागू पडेल.

वकिलाकडे जाण्याआधी एकच प्रश्न सोडवावा लागला: गाडीत चढलेला माल कुणाचा? डीलर तो विकत घेऊन स्वतःच्या नावावर विकत असेल, तर दुकानदाराने बुडवलेली उधारी त्याची. तो कमिशनवर आपल्या वतीने विकत असेल तर तो आपला एजंट. मग उधारी आपली, कमिशनवर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) आपण कापायचा, आणि आपण दिलेल्या अधिकारात त्याने गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही आपल्याला बांधतो. फुकट मिळणाऱ्या नमुना करारांत एका पानावर ‘कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी’ आणि पुढच्या पानावर ‘स्वतंत्र खरेदीदार’ असं दोन्ही असतं. आमच्या पहिल्या मसुद्यातही होतं. भांडण झालं की कोर्ट मथळा बघत नाही, व्यवहार कसा चालला ते बघतं. म्हणून ‘प्रतिनिधी’ हा शब्द सगळीकडून काढला.

तरी एक भोक राहिलं होतं. ‘खपला तर पैसे, नाही खपला तर माल परत’ ही आपल्याकडची सर्रास बोली. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २४ प्रमाणे अशा मालाची मालकी डीलरने तो स्वीकारेपर्यंत, किंवा परत करण्याची मुदत उलटेपर्यंत, आपल्याकडेच राहते. म्हणजे त्याच्या गोदामात पाणी शिरलं तर नुकसान आपलं. त्यामुळे माल आमच्या दारातून ट्रान्सपोर्टच्या ताब्यात दिला की मालकी आणि जोखीम डीलरची, असं स्पष्ट लिहिलं. परतीसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं. सगळ्यात जास्त वेळ या परिशिष्टाने खाल्ला, आणि तो घालवणं योग्यच होतं.

मसाल्यात तेल असतं. दुकानाच्या दर्शनी काचेत पाकीट महिनाभर उन्हात राहिलं की लाल रंग विटकरी पडतो, आणि आडवं सील नीट बसलं नसेल तर कार्टनच्या तळाला तेलाचा डाग उमटतो. पहिला दोष ठेवणाऱ्याचा, दुसरा भरणाऱ्याचा. परिशिष्टात हा फरक याच शब्दांत लिहिला. सीलचा दोष असेल तर लॉट नंबर दिसेल असा फोटो सात दिवसांत पाठवायचा, आम्ही भरपाई देणार. वाहतुकीत कार्टन फुटला असेल तर उतरवतानाच ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) शेरा मारून ड्रायव्हरची सही घ्यायची. नंतर फोनवर सांगितलेलं धरणार नाही. मुदत संपत आलेल्या मालाची खबर ९० दिवस आधी, आणि परतीची मर्यादा त्या तिमाहीच्या खरेदीच्या दोन टक्के. हा आकडा आम्ही आपसात ठरवलेला आहे, कायद्याचा नाही.

परतीत जीएसटीची एक अडचण लपलेली असते. क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून कर कमी करून घ्यायचा तर तो आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच (त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोवरच). नऊ महिने टिकणारा मसाला मार्चच्या शेवटी बिल झाला, तर त्याची मुदत संपते डिसेंबरमध्ये. तोवर क्रेडिट नोटची तारीख उलटलेली असते. मग डीलरने स्वतःचं कर-बिल करून माल परत पाठवायचा, आणि आम्ही तो नष्ट केला की त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) उलटवायचं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही डीलरला गरजेपुरताच माल देतो. परत आलेला माल वेगळ्या कोपऱ्यात, ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावून ठेवावा लागतो. तपासणीला आलेला अन्नसुरक्षा अधिकारी तो चांगल्या मालाशेजारी बघेल तर ‘परतीचा आहे’ हे सांगून भागत नाही.

खाण्याचा पदार्थ असल्यामुळे डीलरचा एफएसएसएआय (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना किंवा नोंदणी ही करार टिकण्याची अटच केली. परवाना संपला की पुरवठा थांबणार. बिलावर आमचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘फॉर्म ई’ची हमी, म्हणजे माल कायद्याप्रमाणे असल्याची विकणाऱ्याची लेखी ग्वाही, छापलेली असते. ती का महत्त्वाची? नमुना नापास झाला तर डीलरला दाखवता येतं की पाकीट बंद, जसं आलं तसं ठेवलं आणि तसंच विकलं. आणि आम्हाला माग काढता येतो, कारण बिलावर लॉट नंबरही असतो.

जाहिरातीचं कलम सुरुवातीला दोन ओळींचं होतं. मग एका डीलरने स्वतः छापलेली पत्रकं हातात आली: ‘पचनाच्या सर्व तक्रारींवर गुणकारी’. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि नाव पाकिटावरच्या उत्पादकाचं असतं. आता पत्रक, फलक, व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ, काहीही लेखी मंजुरीशिवाय काढायचं नाही असं कलम आहे. ट्रेडमार्क फक्त करार चालू असेपर्यंत आणि फक्त आमच्या मालासाठी वापरायचा. आमच्या नावाने त्याने ट्रेडमार्क, वेबसाइट किंवा सोशल मीडियावरचं पान नोंदवायचं नाही. तुमचं नाव नोंदलेलं नसेल तर डीलर नेमण्याआधी अर्ज टाका. मसाला ३० व्या वर्गात येतो, आणि व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे.

दराबद्दल डीलरांचा आग्रह असतो की शेजारच्याला दर पाडू देऊ नका. ‘ठरलेल्या दराखाली विकल्यास दंड’ असं कलम आमच्याकडेही मागितलं गेलं. ते घातलं नाही. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीचा दर बांधणं येतं. डीलरांना सवलत देण्यापासून रोखल्याबद्दल मारुती सुझुकीला स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटींचा दंड ठोठावला होता. बाजारातल्या स्पर्धेवर लक्षणीय परिणाम होतो का, ही तिथली कसोटी असते, आणि आमच्या आकाराच्या धंद्याने तो व्हायची शक्यता कमी. तरी बेकायदा ठरू शकेल असं वाक्य स्वतःच्या सहीनिशी कशाला लिहायचं? एमआरपीच्या वर विकू नये, एवढं कायदाच सांगतो. तेवढंच लिहिलं.

दर पडण्याचं खरं कारण ठरावीक खरेदीचा टप्पा गाठला की लाभ देणाऱ्या आमच्याच योजनेत होतं. वार्षिक टप्पा गाठायला डीलर मार्चमध्ये जादा माल उचलायचा आणि तो मोकळा करायला दुसऱ्याच्या भागात स्वस्तात सोडायचा. बेळगावचा माल चंदगड-गडहिंग्लजच्या दुकानांत असाच दिसायचा. टप्पे तिमाही केल्यावर ते बरंच कमी झालं. भागाच्या बाबतीत ‘या तालुक्यांबाहेर विकल्यास करार रद्द’ असं न लिहिता ‘या तालुक्यांत किमान इतकी दुकानं सांभाळण्याची जबाबदारी’ असं लिहिलं. बाहेरून आलेली मागणी पुरवायला बंदी नाही. आणखी एक: वर्षभरात एका डीलरला वस्तू किंवा सहलीच्या रूपात २०,००० रुपयांच्या वर लाभ दिला तर दहा टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आला. सोन्याचं नाणं देण्याआधी हिशेबनिसाला विचारा.

आता पैसे. धंदा अडतो तो इथेच.

सूक्ष्म-लघु उद्योग कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर उधारीची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस. ६० लिहिलं तरी ४५ च धरले जातात. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची हवी. नंतर काढलेली नोंदणी जुन्या बिलांच्या कामी येईल असं धरून चालू नका. बिलावर उद्यम क्रमांक छापा. या मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम डीलरला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःच त्याला पैसे भरायला लावतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून पोच पावतीवर सही, शिक्का आणि तारीख तिन्ही लागतात. तारीख नसलेल्या पावत्यांनी आमची दोन बिलं अडकली होती.

दुसरा कागद खाते-उताऱ्याच्या मान्यतेचा. येणं वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. ती संपण्याआधी डीलरने सही करून बाकी मान्य केली तर तिथून नवी तीन वर्षं. आम्ही दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, उतारा पाठवून खाली ‘वरील बाकी मान्य’ असं लिहून सही घेतो. चालू खातं खेळीमेळीत असतानाच ही सही सहज मिळते. बिनसल्यावर कुणी देत नाही.

तारणाच्या चेकवर फार भरवसा ठेवू नका. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवसांची मुदत, आणि ती संपल्यापासून एका महिन्यात फौजदारी तक्रार. आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात, म्हणजे कोल्हापुरातच ती करता येते. पण तीन लाखांचा चेक हातात असताना डीलरने मधे एक लाख भरले असतील आणि आपण चेक तसाच तीन लाखांचा टाकला, तर चेक न वटल्याचा कलम १३८ चा गुन्हा उभा राहत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. भरलेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्यासाठी तो टाकावा लागतो, किंवा नवा चेक घ्यावा.

करार संपवण्यासाठी दोघांनाही ६० दिवसांची नोटीस ठेवली. नोटिशीवर संपणाऱ्या डीलरशिपमध्ये चुकीने करार मोडला तरी साधारणपणे नोटिशीच्या काळापुरती भरपाई मिळते, डीलरशिप परत मिळत नाही. हे दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं. ‘करार संपल्यावर तीन वर्षं दुसऱ्या कंपनीचा मसाला विकणार नाही’ हे कलम काढून टाकलं, कारण करार कायद्याच्या कलम २७ खाली ते टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी वेगळी. त्याऐवजी उपयोगाचं लिहिलं: शिल्लक बंद कार्टन बिलाच्या दराने आम्ही परत घेऊ, फलक १५ दिवसांत उतरवायचा, शेवटचा हिशेब ३० दिवसांत.

लवादाच्या (कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या त्रयस्थाच्या) कलमात ‘लवाद कंपनीचे मालक नेमतील’ असं जुन्या नमुन्यांत असतं. ज्याचा वाद त्यानेच एकतर्फी लवाद नेमणं २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केलंय. आम्ही लवाद ठेवलाच नाही. कोल्हापूरच्या न्यायालयांचंच अधिकारक्षेत्र राहील असं लिहिलं. ते चालतं, कारण माल इथे दिला जातो आणि पैसे इथे येतात. ज्या गावाशी व्यवहाराचा संबंधच नाही, तिथलं न्यायालय कराराने निवडता येत नाही. व्यापारी वाद तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती न करता टाकलेला दावा फेटाळला जातो.

सह्यांच्या दिवशीची तयारी: ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० ऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. करारात रकमेची बांधिलकी असेल तर शुल्क वाढू शकतं, म्हणून ते वकिलाकडून काढून घ्यावं. कमी मुद्रांकाचा कागद शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. डीलर भागीदारी संस्था असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र जोडावं, परिशिष्टासह प्रत्येक पानावर सही घ्यावी. बेळगावच्या डीलरची सही आम्ही मुद्दाम कोल्हापुरात घेतली. तिकडे जाऊन केली असती तर कर्नाटकच्या मुद्रांक शुल्काचाही प्रश्न आला असता.