रविवारचा ब्रंच, आठशे रुपये : चौथा जोड तयार झाला

परवाच्या रविवारी कपड्यांचा चौथा जोड अंगावर चढला, म्हणून ही नोंद. जूनमध्ये काय ठरलं होतं ते नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी मुंबईत धोबीतलावच्या कयानी या इराणी कॅफेत भेटतो. वेळ साडेदहाची, म्हणजे धड नाश्ता नाही की धड जेवण नाही. त्या भेटीसाठी नवा जोड करायचा, चपला सोडून सगळा खर्च आठशेच्या आत. कापड, शिलाई, आल्टर, बटणं, सगळं त्यातच. नंतर मी स्वतःच एक अट वाढवली : प्रत्येक जोडात घरातली एक तरी जुनी वस्तू हवीच.

सहा महिने झाले, जोड चार झाले. गणपती-नवरात्रात हातात सुई धरायलाही सवड नव्हती. पण या चार जोडांनी मला एक गोष्ट नीट कळली, ती आधी सांगते.

सुरुवातीला मी आरशासमोर उभी राहून कपडे ठरवायचे. ब्रंचला आपण उभे असतो किती वेळ? दारापासून टेबलापर्यंत. मग दोन तास बसलेलो असतो. कयानी १९०४ सालचं. तिथल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि चौकडीचे टेबलक्लॉथ तुम्हाला माहीत असतीलच. समोर बनमस्का, अकुरी (पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी), चहा. टेबलाच्या वर जे दिसतं तोच आपला पेहराव. त्यामुळे चांगलं कापड, रंग, बटणं, सगळा जीव कमरेच्या वर ओतायचा. कमरेच्या खाली काय हवं? बसल्यावर न रुतणारी कंबर आणि लोकलच्या प्रवासाला पुरून उरणारा गडद रंग. मी मुलुंडहून येते. रविवारी मेगाब्लॉक असला की गाडी उशिरा आणि डबा खच्चून भरलेला. पांढऱ्या पँटचा हट्ट मी पहिल्याच महिन्यात सोडला.

आता कुठलाही कपडा पक्का करण्याआधी तो घालून स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर दहा मिनिटं बसते. कोपरं टेबलावर. मग एक हात लांब करून पलीकडची मीठदाणी उचलायची. एवढ्यात सगळं कळतं : छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का, कंबरपट्टा पोटात रुततो का, बाही कपात बुडते का. पाऊण बाही ब्रंचला सगळ्यात सोयीची, हे मला या खुर्चीनेच शिकवलं.

तिसरा सोडला तर सगळ्या जोडांत खाली एकच पँट आहे. गडद निळी, सरळ कापाची, कॉटनमध्ये थोडं लिनन असावं असा पोत. फॅशन स्ट्रीटवर घेतली. कयानीतून निघून मेट्रो सिनेमावरून चालत गेलं की पाच-दहा मिनिटांत तिथे पोचतो, त्यामुळे आमचा ब्रंच बहुतेक वेळा तिथेच संपतो. सांगितले सहाशे, घासाघीस करून साडेतीनशेला दिली. तिथे घालून बघायची सोय नसते. कंबरपट्टा गळ्याभोवती धरून बघायची युक्ती सगळे वापरतात, पण माझा विश्वास टेपवर. घरच्या नीट बसणाऱ्या पँटची मापं मी फोनमध्ये लिहून ठेवली आहेत : कंबर, सीट, आसन (कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतची उंची), मांडी, मोहरी (पायाच्या खालच्या टोकाची रुंदी), लांबी. दुकानात पँट सपाट पसरून टेप लावायची. आसन कमी असेल तर पँट तिथेच ठेवायची, कितीही आवडली तरी. ते नंतर वाढवता येत नाही.

आणि उलटी करून माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, बघायची. एक्स्पोर्टच्या मालात शिवणीच्या आत बहुतेक वेळा मायाच नसते, ओव्हरलॉक (कड उसवू नये म्हणून मारलेली शिलाई) अगदी टिपेला खेटून मारलेलं असतं. असा कपडा आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. म्हणून अर्धा इंच सैल घ्यायचा. आमच्या शिंपी मास्तरांनी मोहरी बारीक केली, लांबी घोट्याच्या वर आणली, १२० रुपये घेतले. एकूण ४७०. सहा महिन्यांत ही पँट मी एकोणीस वेळा घातली, ऑफिसलाही. एका वेळेला पंचवीस रुपयेसुद्धा पडले नाहीत.

पहिला जोड बाबांच्या बुशशर्टाचा. आईने बोहारणीसाठी गाठोडं बांधून ठेवलं होतं, त्यात तो होता. फिकट पिस्ता रंग, बारीक पांढऱ्या रेघा, इतक्या वर्षांच्या धुण्याने आलेला मऊपणा. नव्या कापडाला हा मऊपणा पैसे देऊन आणता येत नाही. कॉलरची घडी मात्र पार विरली होती. मास्तरांनी कॉलर उसवून उलटवली आणि परत बसवली. विरलेली बाजू खाली गेली, वर कोरी कॉलर आली. ऐंशी रुपये. पूर्वी घरोघरी असं करून घ्यायचे, आता कोणी विचारतही नाही, असं ते म्हणाले. खांदे माझ्यासाठी मोठे होते. ते कमी करा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "ताई, खांद्याला हात लावला की बाही काढावी लागते, मुंढा (बाही बसवायची गोलाई) परत कापावा लागतो. त्यापेक्षा हा उघडा घाला, जॅकेटसारखा." तसाच घातला, आत पांढरा बिनबाह्यांचा टॉप. बटणं बदलली, करवंटीची लावली. तिथे थोडी चुकले. भुलेश्वरहून आधी २४ लाइनची आणली होती, ती जुन्या काजांतून जाईनात. परत जाऊन १८ लाइनची आणली. बटणाचं माप लाइनमध्ये असतं, ४० लाइन म्हणजे एक इंच, त्यामुळे १८ लाइन म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. शर्ट उघडाच घालायचा असला तरी काज आणि बटण जुळलेलं हवं, नाहीतर ते डोळ्याला सारखं खुपतं. बटणांचे साठ. पँट धरून जोड ६१० रुपयांत बसला.

दुसऱ्या जोडाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. फॅशन स्ट्रीटचा चौकडीचा शर्ट, अडीचशे, आणि त्यावर आईची जुनी चांदीची साखळी. खिशाची चौकडी शर्टाच्या चौकडीशी रेघ न् रेघ जुळवलेली होती, म्हणून घेतला. स्वस्त शर्टात इतकी मेहनत क्वचित घेतात. पण कयानीच्या चौकडीच्या टेबलक्लॉथवर फोटोत शर्ट कुठे संपतो आणि टेबल कुठे सुरू होतं तेच कळेना. आपण कुठे बसणार आहोत ते आठवून रंग निवडायला हवा, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

ऑगस्टचा तिसरा जोड बिघडला. मंगळदास मार्केटमधून रेयॉन आणलं, मोठा पन्हा (कापडाची रुंदी), अडीच मीटर, ११० रुपये मीटर. मंगळदास रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारी दुपारी धावतपळत गेले होते. घाई अंगात होती, कापड भिजवलंच नाही. घेरदार स्कर्ट कापला, त्याच रात्री शिवला, दुसऱ्या दिवशी घातला. पहिल्या धुण्यात तो दोन इंच वर गेला, तोही सगळीकडे सारखा नाही. रेयॉन आटतं हे मला माहीत होतं आणि तरीही मी भिजवलं नाही, याची रुखरुख अजून आहे. दुसरी चूक घेराची. घेराचा स्कर्ट कापला की त्यातला काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो, आणि उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबून वाढतो. कापल्यावर कमरेचा नेफा लावून तो रात्रभर हँगरला लटकवायचा आणि सकाळी जमिनीपासून मोजून खालची दुमड घालायची. माझ्या स्कर्टची कड एका बाजूला आटून वर आणि दुसऱ्या बाजूला लोंबून खाली गेली होती. शेवटी पोटरीच्या मध्यावर सरळ कापून घेतला. घालते, पण मन लागत नाही.

चौथा जोड इलकलचा.

आजीची ही नऊवारी रोजच्या वापरातली होती. गर्द हिरवं सुती अंग, किरमिजी काठ. आजी ती नेसून भाजी आणायला जायची, दळण टाकायला जायची. ती गेल्यावर साडी कपाटात राहिली. मी मागितली तेव्हा आईने बराच वेळ ती मांडीवर ठेवली आणि मग एवढंच म्हणाली, "पदर तेवढा कापू नकोस." पदराला हात लावायचा नाही, हे मीही मनाशी ठरवलंच होतं. इलकलचं अंग आणि पदर यांचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगवेगळा असतो. दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत फाशासारखे अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. त्या सांध्यावरून बोट फिरवलं की बारीक गाठींची रांग लागते. तिथून तोडायला कात्रीच उचलली गेली नसती.

जुनी साडी कापण्याआधी ती उजेडात धरून बघायला हवी. मी सकाळी खिडकीच्या गजांवरून हातभर हातभर सरकवत गेले. जिथे वर्षानुवर्षं एकाच जागी घडी पडली होती तिथे उजेड रेघेसारखा आरपार येत होता. निऱ्यांच्या खालच्या भागात कापड जमिनीला घासून विरलं होतं. कमरेला खोचण्याच्या जागी बारीक भोकं होती. या सगळ्या जागांना खडूने गोल केले. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकेच ताणून पाहिलं. जिथून बारीकसा तडतड आवाज आला, ती जागाही बाद. साधारण आठ मीटरच्या साडीतून खात्रीचं कापड निघालं सव्वादोन मीटर. तेवढंच पुरलं.

त्याचं कमरेपर्यंत येणारं मोकळं जॅकेट केलं. पाऊण बाही, गळ्याला कॉलर नाही, पुढे बटणं नाहीत. काठ पुढच्या दोन्ही कडांवर उभा आला. बसल्यावर टेबलाच्या वर नेमका तोच दिसतो. कापड जुनं, त्यामुळे ताण अस्तराने घ्यायला हवा, म्हणून आतून मलमलचं अस्तर लावलं, दीड मीटर, १३५ रुपये. मलमल आधी दोनदा भिजवली. ऑगस्टनंतर कोरं कापड भिजवल्याशिवाय मी कात्रीजवळसुद्धा नेत नाही. मास्तरांना सांगितलं की टीप मोठी ठेवा. बारीक टिपेत सुई अगदी शेजारीशेजारी भोकं पाडत जाते आणि विरलेलं कापड त्याच रेघेवर फाटतं. त्यांनी आधी एका तुकड्यावर मारून दाखवली, मग कापडाला सुई लावली. मुंढ्याच्या शिवणी त्यांनी आतून पट्टी लावून पक्क्या केल्या, ते मी सांगितलंही नव्हतं. शिलाई साडेचारशे, दोरा वीस. ६०५ रुपये. आत घरातलाच मोतिया रंगाचा टी-शर्ट, खाली तीच निळी पँट, तिचे पैसे पहिल्या जोडात धरलेलेच.

पायात कोल्हापुरी. ती या हिशेबात धरत नाही, चार वर्षांपूर्वीची आहे. जून ते सप्टेंबर बाहेर काढतच नाही, पावसाचं पाणी कातड्याला सोसत नाही. दसऱ्याला एरंडेलाचा हात फिरवून सावलीत ठेवली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट. इलकलही बागलकोट जिल्ह्यातलंच. जॅकेट घालून चपला पायात सरकवताना हे लक्षात आलं आणि फार बरं वाटलं. आजीचा काठ आणि पायातली चप्पल एकाच मुलुखाच्या शेजारी.

रविवारी कयानीत मैत्रिणीने काठावरून हात फिरवला आणि कितीला घेतलं विचारलं. अडीच-तीन हजाराचं वाटतंय म्हणाली. मला त्या आकड्यापेक्षा तिने कड उलटून अस्तर बघितलं याचा आनंद जास्त झाला. आतली बाजू बघणारी माणसं कमी असतात. मग आम्ही चहा परत मागवला आणि ती तिच्या आईच्या नारायणपेठीबद्दल बोलत बसली. पुढच्या महिन्यात ती साडी घेऊन येणार आहे. उजेडात बघायला मी तिच्याबरोबर बसणार.

हिशेबाकडे पाहिलं तर मूळ वस्तूपेक्षा मास्तरांना दिलेले पैसेच कामी आले. अडीचशेचा चौकडीचा शर्ट मी आल्टरच केला नव्हता, आणि चौघांत तोच सगळ्यात कमी घातला गेला. यापुढे आठशेतले निदान तीनशे शिलाईसाठी आधीच बाजूला काढते.

पाचव्या जोडासाठी खण आणलाय, गुळेदगुडचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. जांभळा, बारीक बुट्टी, दोन्ही बाजूंना काठ. पन्हा मोजला तर ३१ इंच. खण मुळात चोळीसाठी विणलेला, त्यामुळे माझ्या मनातला पाऊण बाहीचा शर्ट आडव्यात बसत नाही. बाही वेगळ्या तुकड्यातून काढावी लागेल आणि काठ मनगटाकडे येईल. वर्तमानपत्रावर तीन वेळा मांडणी करून पाहिली, अजून जमलेली नाही. तोवर रंग तपासते आहे. काल संध्याकाळी कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबला तर फडकं जांभळं झालं. मग पूर्ण खण गार पाण्यात टाकला. पहिलं पाणी गडद निघालं, दुसरं फिकट, आज सकाळचं तिसरं जवळजवळ नितळ. आत्ता तो बाल्कनीत सावलीत वाळतोय, काठ वर करून.