साडेतीन दिवस बँकॉक, दोघांत एक सिमकार्ड

मी बोटीत, नवरा धक्क्यावर, आणि थायलंडचं सिमकार्ड त्याच्या फोनमध्ये. पाकीटही त्याच्याच खिशात. तेव्हा बँकॉकला निघालेल्या जोडप्यांना पहिला सल्ला: चार पैसे वाचवायच्या नादात एका सिमवर भागवू नका. हॉटस्पॉट बोटीबरोबर येत नाही.

आता सुरुवातीपासून सांगते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, लेक शिकायला बाहेर गेलेली, म्हणून नोव्हेंबरअखेर आम्ही साडेतीन दिवस काढले. मुंबईहून विमान चारेक तासांत पोचतं, तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हिसाचे नियम तिकडे सारखे बदलतात, ते मात्र तिकीट काढण्याआधी ताजे बघून घ्या.

विमानतळाचं नाव लिहिताना सुवर्णभूमी, बोलताना सुवन्नपूम. टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात न अडकता थेट तळघरात उतरा. पैसे बदलायची बरी काउंटरं तिथेच आहेत, वरच्या मजल्यांपेक्षा भाव चांगला मिळतो. (आम्ही गेलो तेव्हा बाटाला, म्हणजे तिथल्या रुपयाला, साधारण अडीच-पावणेतीन रुपये पडत होते.) शेजारीच रेल्वे. फाया थाइ स्टेशनपर्यंत ४५ बाट आणि अर्धा तास. आमचं हॉटेल तिथून जवळच, रात्चथेवीला. हे नाव पाठ होईना, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने सावकाश फोड करून सांगितलं आणि दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला: राजदेवी! मग तो खेळच झाला. या शहराच्या लांबलचक अधिकृत नावात अयोध्या आहे, इंद्र आहे, विश्वकर्मा आहे. तिथला नमस्कार ‘सवादी’ म्हणजे आपलं स्वस्ति.

पहिल्या दिवशी दुपारी झोपा काढल्या. याचा अजिबात पश्चात्ताप नाही. संध्याकाळी लुंफिनी बागेत गेलो. तळ्याकाठी एक ओंडका पडला होता, तो चालायला लागला. घोरपड! पाच फुटांची तरी असेल, जीभ लपलपवत जॉगिंग ट्रॅक ओलांडत होती आणि पळणारे लोक तिला वळसा घालून जात होते. नवऱ्याला लगेच तानाजी आठवला, दोर बांधायला ही पुरली असती म्हणाला. तेवढ्यात सहा वाजले, भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं आणि अख्खी बाग जागच्या जागी थांबली, पळणारेसुद्धा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवरही हे होतं. आपणही उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी ग्रँड पॅलेस. साडेआठला उघडतो, आठ वीसला दारात हवं. तिकीट ५०० बाट. खांदे-गुडघे झाकलेले लागतात, त्यामुळे नवऱ्याची लाडकी थ्री-फोर्थ हॉटेलातच राहिली. दाराजवळ एक नीटनेटका गृहस्थ भेटला आणि “आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो” म्हणाला. हा जुना डाव आहे, टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानापाशी जाऊन थांबते. हसून पुढे चालू लागायचं.

आत पाचूच्या बुद्धाइतकीच बघण्यासारखी आहे भोवतीची ओवरी. भिंतींवर १७८ चित्रांत पूर्ण रामकियेन, म्हणजे त्यांचं रामायण. पण त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे. सेतूचे दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येच्या, म्हणजे रावणाची लेक सुवन्नमच्छाच्या, तो प्रेमात पडतो. माझा नवरा शनिवारचा मारुतीला तेल घालणारा. त्याला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

तिथून वाट फो (‘वाट’ म्हणजे थाईत देऊळ) चालत दहा मिनिटं, तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध फोटोत मावत नाही, प्रयत्नही करू नका. त्याच्या पाठीमागे १०८ काशाच्या वाट्या आहेत. २० बाट देऊन सुट्टी नाणी घ्यायची आणि एकेक टाकत जायचं. लोक ओळीने टाकत असतात, त्यामुळे अख्ख्या दालनात टिंग टिंग चालू असतं. मला मूर्तीपेक्षा तो आवाज लक्षात राहिला आहे. नदीच्या समोरच्या काठावर वाट अरुण, होडीचे पाच बाट. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं देऊळ सुरेख आहे, पण तोवर साडेअकरा वाजून आमचा भुगा झाला होता. नोव्हेंबरात ही गत, एप्रिलमध्ये जाऊ नका.

आता ती बोट. रस्त्यावरच्या गर्दीवर तिथला उतारा म्हणजे पाणी. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट आहे, ती पर्यटकांनी भरलेली. खरी मजा खलोंग सेन सेपला. १८३७मध्ये खोदायला घेतलेला हा कालवा शहराच्या पोटातून जातो आणि ऑफिसवाले रोज त्यातून ये-जा करतात. पाणी काळं, वास यायचा तो येतो. बोटीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे, शिंतोडे उडाले की कडेच्या माणसाने दोरी ओढायची. हेल्मेट घातलेली कंडक्टर बाहेरच्या अरुंद कडेवरून चालत तिकिटं फाडते.

थाई रेशीम जगभर नेणाऱ्या अमेरिकन जिम थॉम्पसनचं सागवानी घर बघून आम्ही हुआ चांगच्या धक्क्यावर आलो. बोट थांबते म्हणजे काठाला घासते, फार तर दहा सेकंद. मी दोरी धरून उडी मारली. नवरा फोटो काढत होता. मागे वळून बघते तर आमच्यामध्ये वीस फूट पाणी.

कंडक्टर आली. माझ्या कुर्त्याच्या खिशात आदल्या दिवशीची २० बाटांची चुरगळलेली नोट निघाली, वाचले. पुढच्या धक्क्यावर, बान क्रुआला, उतरले. थॉम्पसनचं रेशीम विणणाऱ्या चाम (मूळच्या कंबोडिया-व्हिएतनामकडच्या) मुसलमानांची ही जुनी वस्ती. आयुष्यात इथे मुद्दाम आले नसते. बाकावर बसलेल्या आजींनी बाजूला सरकून जागा दिली. दहा मिनिटांनी दुसरी बोट आली, तिच्यात मधोमध, माणसांत चेपलेला नवरा. त्याने मला पाहिलं, हात हलवला, आणि बोट त्याला घेऊन पुढे गेली. आजी एवढ्या हसल्या की मलाही हसू आवरेना. उलट्या दिशेच्या बोटीने तो परत आला, तोवर मी निम्मी वस्ती ओळखीची करून घेतली होती. तेव्हा निघतानाच ठरवा: चुकामूक झाली तर पुढे गेलेल्याने पुढच्या धक्क्यावर उतरून थांबायचं, आणि मागच्याने बोटीत कडेला उभं राहायचं.

शाकाहारींनी घाबरू नये, पण ‘नो मीट’वर विसंबूही नये, कारण माशाचं पाणी, नाम प्ला, सगळ्यात असतं. ‘जे’ हा शब्द शिका. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. तिथे मांसमासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. फाहुरत या भारतीय वस्तीतल्या गुरुद्वारात लंगर आहे. आणि खनोम क्रोक सोडू नका: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आप्पेपात्रासारखा तवा. कडा कुरकुरीत, मध्य जवळजवळ खिरीसारखा. गडबडीने तोंडात टाकलात तर जीभ भाजते, माझी दोनदा भाजली.

चाटुचाकचा बाजार शनिवार-रविवारचा, हजारो गाळ्यांचा. आम्ही भर दुपारी गेलो, ही चूक. आवडलं की तिथेच घ्या, तो गाळा पुन्हा सापडत नाही.

परतताना विमानतळावर समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प लागलं. नवरा वासुकीच्या शेपटीपासून फोटो काढायला लागला. मी बाजूला बसून राहिले. या वेळी दोघांचे बोर्डिंग पास माझ्याकडे होते.