चाळीस सेकंदांचा गॅप

चित्रपटात संवाद थांबले की मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते अंध प्रेक्षकाला शब्दांत सांगायचं, याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. त्याची संहिता मी लिहिते. त्या दिवशी एका प्रेमकथेच्या पहिल्या अर्ध्या तासाची संहिता संध्याकाळपर्यंत पक्की करायची होती.

कामाची रीत ठरलेली आहे. आधी चित्रपट डोळे मिटून ऐकायचा, मग पाहायचा. संवाद, गाण्याचे शब्द आणि कथेला लागणारे आवाज यांवर निवेदन चढवायचं नाही. उरलेल्या प्रत्येक गॅपचे सुरुवातीचे आणि शेवटचे टाइमकोड, म्हणजे चित्रपटातली नेमकी वेळ, नोंदवायचे. निवेदक स्पष्ट बोलला तर सेकंदाला दोन ते अडीच शब्द बसतात. तीन सेकंदांच्या गॅपमध्ये सहा शब्द, आणि पुढच्या संवादाआधी अर्धा सेकंद मोकळा. वाक्य वर्तमानकाळात. दिसतं तेवढंच सांगायचं, अर्थ ऐकणारा लावतो. आणि कॅमेऱ्याचा उल्लेख टाळायचा, कारण ‘क्लोज-अप’सारखे शब्द ऐकणाऱ्याला कथेतून बाहेर ओढतात.

नायिका पहिल्यांदा दिसते तो गॅप 40 सेकंदांचा होता. संवाद नाही, नुसतं संगीत. संगीताला श्वास घ्यायला जागा ठेवूनही साठ-सत्तर शब्द आरामात मावतात. माझा पहिला मसुदा असा होता : ‘एक सुंदर तरुणी जिना उतरते. वाऱ्यावर तिचे केस उडतात. ती हसते. वळते.’ इथे बारा शब्दांतच मजकूर संपला आणि पुढचं काही सापडेना.

मग शॉट मोजले. चौदा भरले. घोटा, कंबर, पाठ, पुन्हा कंबर, ओठ, मान. पूर्ण चेहरा फक्त तीन शॉटमध्ये, त्यांतल्या दोनांत डोळे मिटलेले. नायकाचा प्रवेश त्याच्या आधीच लिहून झाला होता, तो शेजारी ठेवला. बावीस सेकंद, नऊ शॉट. तो मोटारसायकल थांबवतो, हेल्मेट काढतो, रस्त्यात पडलेल्या पिल्लाला उचलून कडेला ठेवतो, घड्याळ पाहतो, पळत सुटतो. जवळपास प्रत्येक शॉटला एक क्रियापद. तिच्या चौदा शॉटना मिळून तीन : उतरते, हसते, वळते. केस उडतात ते वारा उडवतो.

ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 साली एका निबंधात ‘पुरुषी नजर’ ही कल्पना मांडली. पडद्यावरची स्त्री पाहिली जाण्यासाठी असते आणि ती समोर आली की कथेचा ओघ थांबतो, असं त्यांचं निरीक्षण आहे. आमच्या कामात हे थांबणं टाइमकोडमध्ये मोजता येतं. संवाद नाही, घटना नाही, म्हणूनच तो गॅप इतका लांब होता.

संहिता निवेदकाकडे जाण्याआधी एक अंध परीक्षक ती ऐकतात. आमच्या परीक्षक जन्मांध आहेत. मसुदा ऐकून त्यांनी दोन प्रश्न विचारले.

“सुंदर म्हणजे दिसायला कशी?”

आणि मग, “तो घाईत आहे, हे कळलं मला. ही कुठे निघालीय?”

पहिल्याचं उत्तर माझ्याच चुकीत होतं. ‘सुंदर’ हा निवाडा आहे, दृश्य नाही. नायकासाठी मी ‘तिशीतला, रुंद खांद्यांचा, भुवईवर जुना व्रण’ असं लिहिलं होतं. तिच्यासाठी नियम मोडला आणि मोडल्याचं लक्षातही आलं नाही. इतक्या वर्षांचं वाचणं-पाहणं हाताला अशी सवय लावून ठेवतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चित्रपटातच नव्हतं. जिना घराचा की कार्यालयाचा हे चौकटीत येत नाही. तिच्या हातात पिशवी नाही, किल्ली नाही, कागद नाही. ती कुठेच निघालेली नाही.

इथून खरा पेच सुरू झाला. ‘ती जिना उतरते’ एवढ्यावर थांबलं तर नजर लपते आणि दिग्दर्शकाने केलं त्यापेक्षा सभ्य काहीतरी श्रोत्यापर्यंत जातं. एकेक अवयव रसाळपणे सांगितला तर ती नजर आपल्याच आवाजात पुन्हा उमटते. माझा कल पहिल्या वाटेकडे होता. परीक्षकांनी ठाम नकार दिला. डोळस प्रेक्षकाला जे दिसतं ते मलाही कळलं पाहिजे, वाईट असलं तरी; ते गाळण्याचा हक्क लिहिणाराला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

तोडगा निघाला तो वाक्याच्या कर्त्यात. चौदांपैकी पाच शॉट नायकाच्या टक लावून पाहणाऱ्या चेहऱ्याला लागून आलेले आहेत. तिथे पाहणारा तो आहे, मग कर्ताही तोच : ‘जिन्याखालून तो पाहत राहतो. तिची पावलं. कंबर. मान.’ बाकीच्या शॉटमध्ये पाहणारं कोणी पात्रच नाही. तिथे कॅमेऱ्याचा उल्लेख टाळण्याचा नियम ठरवून मोडला : ‘पडद्यावर तिची पाठ. पुन्हा कंबर. चेहरा दिसत नाही.’ एकही विशेषण नाही. लांबी मूळ शॉटइतकीच, कारण कंबरेवर कॅमेरा चार सेकंद रेंगाळला असेल तर ती चार सेकंदं ऐकणाऱ्यालाही जाणवली पाहिजेत.

नावाची अडचण वेगळीच. चित्रपटात नाव उच्चारलं जाईपर्यंत आपण ते सांगत नाही, ठळक खुणेवरून ओळख देतो. नायकाचं नाव दुसऱ्याच मिनिटाला येतं. तिचं येतं एकतिसाव्या मिनिटाला. तोवर ‘पिवळ्या कपड्यांतली’ म्हणावं तर एकाच गाण्यात पाच पोशाख बदलतात. चष्मा, व्रण, चालण्याची लकब, कामाची एखादी वस्तू, धरून ठेवावं असं चित्रपटाने तिला काहीच दिलेलं नाही. शेवटी नुसतं ‘ती’ ठेवलं. पण गाण्यात मैत्रिणीही नाचतात, त्यामुळे दोन ठिकाणी घोळ उरलाच.

अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेकडेल यांची 1985 ची कसोटी बहुतेकांना माहीत असते : दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि विषय पुरुष नको. उपयोगी आहे, पण ती संवादांना लागते. ही नायिका आणि तिची मैत्रीण परीक्षेच्या अभ्यासाबद्दल पाऊण मिनिट बोलतात, म्हणजे चित्रपट कसोटीत पास. त्या बोलत असताना कॅमेरा कुठे आहे हे त्या कसोटीला विचारता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो दीड सेकंदावर. अठ्ठाविसाव्या मिनिटाला भांडण होतं आणि नायक तिला थप्पड मारतो. हात चौकटीबाहेर आहे. दिसतो तो तिचा फिरलेला चेहरा. ‘दिसतं तेवढंच’ या नियमाने मी लिहिलं : ‘तिला थप्पड बसते.’ मराठीत हे इतकं सहज जमतं की बोचतच नाही. तिला मार बसतो, तिची छेड काढली जाते, तिच्यावर बलात्कार होतो, तिची अब्रू जाते. प्रत्येक वाक्यात ती आहे, करणारा कुठेच नाही. बातम्या, कादंबऱ्या, मालिका, सगळीकडे हीच रचना. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात 1882 मध्येच विचारलं होतं की पुरुषांच्या अंगचे दोष बायकांच्या माथी का मारता. व्याकरणही तो भार वाहतं. खोलीत दोघंच आहेत, त्याच्या बुटांचा आवाज तिच्यापर्यंत येऊन थांबलेला आहे, म्हणजे कर्ता गृहीत धरण्याचा प्रश्नच नाही. वाक्य बदललं : ‘तो तिला थप्पड मारतो.’ चार शब्द, दीड सेकंदात जेमतेम. निवेदनाची सुरुवात सहा फ्रेम, म्हणजे साधारण पाव सेकंद, अलीकडे ओढावी लागली.

त्यानंतर नऊ सेकंद शांतता. त्या नऊ सेकंदांत कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर आहे, ते भरून येतात. ती मागे, धूसर. पहिल्या मसुद्यात तो सगळा वेळ त्याच्या अश्रूंना गेला होता. पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिलं तेव्हा धूसर भागात ती काय करते ते दिसलं. शेवटचा मजकूर असा गेला : ‘त्याचे डोळे पाणावतात. मागे ती गाल धरून उभी. वाकते. पडलेली खुर्ची सरळ करते. दार उघडून बाहेर जाते.’