डबीतल्या चाळीस गोळ्या

सुट्टीला जाणाऱ्यांची कुत्री आम्ही सांभाळतो. बंड्या हा दादा-वहिनी या जोडप्याचा कुत्रा. त्याच्यासोबत आलेल्या वहीच्या रेघी पानावर वहिनींच्या सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. सकाळी साडेसहाला फिरणं, उशीर नको, चिरा तापतो. दोन वेळा भात, उकडलेली कोंबडी, थोडा भोपळा. आंबा मागेल, देऊ नका. ढग गडगडले की कॉटखाली जातो. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: गार्डिनल १-०-१, चुकवू नका. ही फिटची गोळी, सकाळी एक, रात्री एक. सोबत प्लास्टिकची गोल डबी, आत सुट्या पांढऱ्या गोळ्या. मोजल्या, ४० भरल्या. नोंदवहीत ४० लिहिल्या. माणसं शहाणी आहेत, जास्तीच्या दिल्यात, असं वाटलं.

मे महिन्यात रत्नागिरीत दोन उलटे लोंढे असतात. मुंबईचे चाकरमानी आंब्याला गावी येतात आणि इथले बँकवाले, मास्तर, सरकारी नोकर सुट्टीला बाहेर पडतात. आमच्या सहाही खोल्या त्या दिवसांत भरलेल्या असतात. शहरापासून नऊ किलोमीटरवर जुन्या घराच्या मागे जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेल्या या खोल्या, सहा बाय आठच्या, खाली कोबा. कोब्याला उतार आहे आणि चिऱ्यांच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या आहेत. त्या भरल्या नाहीत तर गोचीड तिथे अंडी घालतात आणि मग खोली कितीही धुतली तरी पुढच्या कुत्र्याला चिकटतातच. एकच गोचीड हजारांच्या हिशोबात अंडी घालते. म्हणून आमच्या फॉर्मवर जुना नियम होता: रेबीज आणि सातातली (सात रोगांवरची एकत्र) लस येण्याआधी किमान १४ दिवस झालेली हवी, आणि गोचिडाचं औषध येण्याआधीच्या तीन दिवसांत दिलेलं हवं. या दुसऱ्या नियमाकडे पुढे परत यावं लागेल.

बंड्या सहा वर्षांचा, लॅब्राडोरचा मिश्र वाण, आमच्या काट्यावर २८ किलो ४०० ग्रॅम. वर्षाला दोनदा-तीनदा फिट यायची म्हणून दोन वर्षं गोळी चालू. तेव्हापासून फक्त एक फिट. घरचे लेहला निघाले होते, नऊ रात्री. तो रविवारी संध्याकाळी आमच्याकडे आला, परतायचा पुढच्या मंगळवारी दुपारी. आठवडाभर आधी एक रात्र राहून गेला होता, त्यामुळे जागा नवी नव्हती. ही चाचणीची रात्र आम्ही कुणालाच माफ करत नाही. ज्याला पहिल्या रात्री अन्न जात नाही, त्याला थेट नऊ दिवसांसाठी ठेवून घेणं म्हणजे चौथ्या दिवशी सलाईन लावण्याची तयारी.

पहिले तीन दिवस काहीच नव्हतं. जेवला, फिरला, गडग्यापलीकडच्या रायवळीखाली पडलेल्या आंब्यांकडे बघून लाळ गाळली. बाठा गिळू दिला नाही. या दिवसांत बाठा आतड्यात अडकलेली कुत्री डॉक्टरांकडे येतात. तीन-चार दिवस उलट्या, मग ऑपरेशन. मुंबईहून आलेले पाहुणे कौतुकाने चोखलेला बाठा कुत्र्यापुढे टाकतात, तिथून हे सुरू होतं.

गुरुवारी पहाटे चार चाळीसला खोलीतून भांडं घरंगळल्याचा आवाज आला.

बंड्या कुशीवर, चारही पाय ताठ, मग वल्हवल्यासारखे हलणारे. जबडा आपटतोय, तोंडाला फेस, खाली लघवी. पहिलं काम घड्याळ बघण्याचं. फिट बघणाऱ्याला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि डॉक्टरला खरा आकडा लागतो. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला, वेळही कळते आणि डॉक्टरला प्रकारही दिसतो. मदतीच्या पोराने शेजारच्या दोन खोल्यांची दारं लावली आणि मोकळा असलेला डॉबरमन आत घेतला. आकडी आलेल्या कुत्र्यावर दुसरं कुत्रं, अगदी रोजचं सोबतीही, तुटून पडू शकतं. पाण्याचं भांडं आणि कॉट बाजूला. डोक्याखाली दुमडलेलं गोणपाट. दिवा बंद, पंखा चालू.

तोंडात हात नाही, चमचा नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही. बोट मात्र तुटतं. शेजारच्या काकी आवाजाने आल्या होत्या. "अरे कांदा फोड, कांदा हुंगव त्याला! नाहीतर चप्पल तरी धर!" कांदा फोडला नाही. फिट आपली आपण थांबते, तेवढ्यात जो काही हुंगवत असतो त्याला श्रेय मिळतं. काकींना ते तेव्हा पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

एक मिनिट पन्नास सेकंदांनी थांबली. पाच मिनिटांच्या पुढे गेली असती किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली असती, तर तो जिवावरचा प्रसंग. थांबल्यावर तो उठला, भिंतीवर आपटला, पुन्हा चालू लागला. फिटनंतर काही वेळ दिसत नाही, ओळख पटत नाही, एकसारख्या फेऱ्या मारतात आणि वखवखल्यासारखे खायला मागतात. अशा वेळी कुत्र्याला मिठी मारायची नसते, तो घाबरून चावू शकतो.

मग विचार, आता का? गोळी चुकलेली नव्हती, सातही वेळा दिलेली, वहीत वेळेसकट टिक. कोकणात मे महिन्यात आकडी आली की आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. शेजारी हापूसची बाग, फवारणीचे जुने डबे तिथेच पडलेले. त्या औषधाची विषबाधा असेल तर लाळेच्या धारा, पातळ संडास आणि बॅटरी मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या. बंड्याच्या बाहुल्या मोठ्या होत्या. पाय आणि तोंड चाचपून सूज आहे का पाहिलं, कारण जांभ्याच्या फटींत फुरसं असतंच. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, दंशाजागी सूज आणि हिरड्यांतून रक्त दिसतं. काही नव्हतं. ग्लुकोमीटरने कानाच्या कडेचा थेंब घेतला, साखर ९६. म्हणजे तेही नाही.

डॉक्टरांना व्हिडिओ पाठवून फोन लावला. बंड्याला आधीपासून तेच बघतात, ही एक बरी गोष्ट. म्हणाले, घेऊन या, एक आली की दुसरी येऊ शकते. ओम्नीची मागची सीट काढून गादी टाकली, खाली प्लास्टिक. पोरगा मागे, त्याच्या हातात घड्याळ. सहा पंधराला, क्लिनिक अर्ध्या किलोमीटरवर असताना दुसरी सुरू झाली. गाडी थांबवली नाही.

टेबलावर घेतला तेव्हा तिसरं मिनिट चालू होतं. पुढच्या पायावरचे केस काढून शिरेत सुई घातली आणि डायझेपाम दिलं. अंग हळूहळू सैल पडलं. ताप १०४.६. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो, इतका वेळ स्नायू झटकल्यावर तो चढतोच. जांघेत आणि तळव्यांना साध्या पाण्याचा ओला टॉवेल, वर पंखा. बर्फ नाही. बर्फाने कातडीजवळच्या शिरा आकसतात आणि उष्णता आत कोंडते. १०३ ला टॉवेल काढून घेतले, नाहीतर तो पुढे नको इतका खाली जातो. डायझेपामचा असर थोडाच वेळ टिकतो म्हणून पाठोपाठ फेनोबार्बिटोनचं इंजेक्शन. गार्डिनल म्हणजे तेच.

डॉक्टरांनी रजिस्टर काढलं. "साठची गोळी, सकाळ-संध्याकाळ एक. बरोबर देताय ना?"

"एकच देतोय. चिठ्ठीत तसंच आहे."

"साठचीच आहे ना?"

डबी पुढे केली. सुट्या गोळ्या, स्ट्रिप नाही, काही छापलेलं नाही. ही गोळी ३० मिलिग्रॅमची मिळते आणि ६० चीही. डॉक्टरांनी डबी टेबलावर उपडी केली आणि बोटाने दोन-दोन बाजूला सारत मोजली. ३३. "तुम्ही सात दिल्या. म्हणजे चाळीस होत्या. रविवारी रात्रीपासून मंगळवारी सकाळपर्यंत किती वेळा द्यायची?" अठरा वेळा. "अठरा वेळांना चाळीस गोळ्या कोण देतं? दोन-दोन द्यायच्या होत्या. छत्तीस, वर चार जास्तीच्या."

चार दिवस मोजमाप आमच्याच वहीत पडून होतं.

साडेनऊला मेडिकल उघडल्यावर खात्री झाली. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यामुळे बिलाची नोंद होती. त्या आठवड्यात साठची शिल्लक नव्हती, म्हणून तीसच्या चाळीस गोळ्या दिल्या आणि नेणाऱ्या दादांना तोंडी सांगितलं, एकाच्या जागी दोन द्या. दादांनी गोळ्या सोडवून नेहमीच्या डबीत भरल्या. चिठ्ठी वहिनींनी लिहिली, दोन वर्षांच्या सवयीने, १-०-१. कुणाचाही हलगर्जीपणा म्हणता येणार नाही असा हा प्रकार. हे औषध रक्तात साठत साठत दोनेक आठवड्यांत एका पातळीला येतं आणि शरीराला त्याची सवय होते. अचानक मात्रा अर्धी झाली की पातळी दिवसागणिक उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होऊ शकतं.

घरच्यांना कळवायचं होतं. फॉर्मवर दोन नंबर होते, एक दादांचा आणि 'तातडीसाठी' वहिनींचा. दोघंही लेहमध्ये, दोघांची सिमं प्रीपेड. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. व्हिडिओ कॉल रोज करू म्हणून गेलेली माणसं सोमवारपासून हॉटेलच्या वायफायवर होती आणि दिवसभर डोंगरात. शेवटी त्यांच्या शेजाऱ्यांकडून चिपळूणच्या मेहुण्यांचा नंबर मिळाला. त्यांनी एका वाक्यात मोकळं केलं, "डॉक्टर म्हणतील ते करा, पैशाचं माझ्याकडे बघा." हे वाक्य बोलणारा माणूस फॉर्मवर आधीच हवा होता. तो सहलीला न गेलेला असावा, फोन उचलणारा असावा आणि खर्चाला हो म्हणायचा त्याला अधिकार असावा.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी विचारली तेव्हा मान खाली गेली. "गोचिडाचं काय दिलंय?" रविवारी सकाळी चघळायची गोळी, महिनाभर चालणारी. आमच्या नियमाप्रमाणे दिलेली, वहिनींनी रिकामं पाकीटही दाखवलं होतं. या गटातल्या गोळ्या बहुतेक कुत्र्यांना सोसतात, पण ज्यांना आधीपासून फिटचा त्रास आहे त्यांच्यात त्या आकडी उठवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिलेला आहे. अर्धी झालेली मात्रा की ही गोळी, की दोन्ही मिळून, ते डॉक्टरांना सांगता येईना. एकदा पोटात गेलेली ती गोळी काढून घेता येत नाही, असर महिनाभर राहतो. नियम लिहिताना आम्ही फक्त गोचिडांचा विचार केला होता.

साडेदहाला बंड्या धड उभा राहिला आणि शेपटी हलवली. गिळता येतंय हे आधी चमचाभर पाण्याने बघून सकाळच्या दोन गोळ्या दिल्या. दुपारी परत आणला. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मागचे पाय लटपटत होते, इंजेक्शनची वाढीव मात्रा होती ती. पायरी चढू दिली नाही. भूक मात्र दुप्पट. रात्री पोरगा त्याच्याच खोलीत झोपला. शनिवारी वळवाचा पाऊस आला, तासभर गडगडाट. बंड्या कॉटखाली गेला, तिथेच झोपला. फिट नाही.

दादा-वहिनींचा फोन गुरुवारी रात्री साडेआठला आला. वहिनी आधी रडल्या, मग दादांवर चिडल्या, मग परत यायला निघाल्या. डॉक्टरांनीच समजावलं की तुम्ही येऊन वेगळं काही होणार नाही. रोज रात्री हॉटेलवर पोहोचल्यावर त्यांना व्हिडिओ पाठवत गेलो, खातानाचा.

फॉर्म त्याच आठवड्यात बदलला. औषधाच्या रकान्यात आता नाव, मिलिग्रॅम, किती गोळ्या आणि किती वेळा हे वेगवेगळं लिहायचं. सुटी गोळी घेत नाही, छापील स्ट्रिपमध्येच हवी. कापलेली चालेल, पण नाव आणि आकडा दिसला पाहिजे. एकूण गोळ्यांना एकूण वेळांनी भागून बघायचं आणि ते गणित मालक समोर असतानाच करायचं. फिटची नोंद असलेल्या कुत्र्याला चघळायची गोळी सांगत नाही. त्याचे डॉक्टर सांगतील ते मानेवर टाकायचं औषध चालतं, आणि रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली हात फिरवून गोचीड आम्हीच काढतो. वेळ जातो. फिटवाल्याची खोलीही आता रस्त्याकडची, गाडी लागेल अशी.

मंगळवारी दुपारी दादा न्यायला आले. बंड्या अंगावर चढला, त्यांचा चष्मा पडला. हिशोब, वही, डबी सगळं पुढे ठेवलं. त्यांनी डबी उघडून मोजली. चार उरायला हव्या होत्या. अकरा निघाल्या.