टाकीचा उनो, ईएसपी-३२ आणि "चालेल हो"

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुटे भाग घेताना कुणी दुकानदार "चालेल हो, सगळे सारखेच असतात" म्हणाला, की पुढच्या दुकानाकडे वळा. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजणारा आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) जुनाच होता. त्याचे आकडे आयटूसीवरून (दोन तारांवर चिपा बोलतात ती पद्धत) ईएसपी-३२ ला, म्हणजे वायफायवाल्या बोर्डाला, द्यायचे आणि तिथून वायफायने मोबाइलवर, एवढंच काम. उनोच्या ए४-ए५, तिकडे २१-२२ नंबरच्या पिना, दोघांचं ग्राउंड एक. कोड एका बैठकीत झाला.

उनो ५ व्होल्टचा, ईएसपी ३.३ चा, म्हणून मधे लेव्हल शिफ्टर, म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज बदलून देणारं मॉड्यूल. आयटूसीसाठी हवाय, असं स्वच्छ सांगून आणि "चालेल हो" ऐकून घेतला होता. जोडला, तर उनोच्या कोडमधलं एंडट्रान्समिशन (निरोप पाठवून निकाल सांगणारं फंक्शन) दरवेळी २ परत करायचं. म्हणजे हाक मारली, पण त्या पत्त्यावरून कुणी ओ दिली नाही. वायरी बदलल्या, ४.७ किलोओमचे पुल-अप (तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे रेझिस्टर) लावले, ब्रेडबोर्ड नवा आणला. २ म्हणजे २च. घरचे विचारायचे, "टाकी भरली का?" मी गप्प.

शेवटी मित्राकडून लॉजिक ॲनलायझर, म्हणजे तारेवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र, आणला. पत्त्याचे सात बिट आणि लिहा-वाचाचा आठवा, उनो अगदी बरोबर पाठवत होता. नवव्या क्लॉकला (ठोक्याला) ओ द्यायची म्हणून ईएसपीने एसडीए, म्हणजे डेटाची तार, खाली ओढायला हवी, ती वरच! मग मोबाइलचा कॅमेरा झूम करून शिफ्टरवरच्या चिपचा नंबर वाचला: ७४एचसी४०५०. हा एकतर्फी बफर, सिग्नल एकाच दिशेने नेणारा. एसपीआयला (दर तारेची दिशा ठरलेली असते ती पद्धत) ठीक, पण आयटूसीत एसडीएच्या एकाच तारेवर दोघं बोलतात. इथे ईएसपीचं उत्तर उनोपर्यंत पोचणारच नव्हतं.

बीएसएस१३८ मॉस्फेटवालं दुतर्फी मॉड्यूल मागा आणि पैसे देण्याआधी चिप बघा. मला ते शेजारच्याच दुकानात मिळालं. लावलं आणि २ चा ० झाला. पहिला दुकानदार? "उघडलेला माल परत घेत नाही."

वैतागून शिफ्टरच काढून टाकाल, तर तेही नको. उनोची वायर लायब्ररी (आयटूसीचा तयार कोड) आतले पुल-अप चालू करते, ते ५ व्होल्टला असतात आणि थेट ईएसपीच्या पिनेवर येतात. उनोवर एका वेळी ३२ बाइटच जातात, हेही धरून चाला. आणि पुढे उनोला स्लेव्ह (हाकेला ओ देणारा) केलंत, तर ऑनरिसीव्हमध्ये, म्हणजे निरोप आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सिरीयल प्रिंट (कॉम्प्युटरवर मजकूर छापणं) घालू नका. ते फंक्शन इंटरप्टमध्ये, म्हणजे बाकीचं काम मधेच थांबवून, चालतं.