रिंगण पुरे, बंडाचं लिहा ना!

टीनएजर मुलांसाठीच्या ग्लॅडिएटरवाल्या (म्हणजे प्राचीन रोममध्ये लोकांसमोर रिंगणात लढणाऱ्यांच्या) कादंबऱ्या मी हावरटासारख्या वाचते, पण बऱ्याच पुस्तकांत सगळा भर रिंगणातल्या मारामारीवर, आणि खरी मजा तर स्पार्टाकस नावाच्या ग्लॅडिएटरच्या बंडात आहे ना! इ.स.पू. 73 मध्ये इटलीतल्या कापुआ शहराच्या ग्लॅडिएटर शाळेतून 70च्या वर लोक पळाले ते चक्क स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन, वाटेत शस्त्रांच्या गाड्या हाती लागल्या, मग थेट व्हेसुव्हियस डोंगरावर. खाली रोमन सैन्य एकुलती एक वाट अडवून निवांत, तर ह्यांनी रानवेलींच्या शिड्या विणल्या, कड्यावरून उतरले आणि मागून जाऊन छावणीच उधळली. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की एकजण वरच थांबला, सगळ्यांची शस्त्रं खाली सोडली आणि मग शेवटी स्वतः उतरला. बस्स, मला ह्याच्यावर अख्खी कादंबरी हवीय!

फक्त शेवट गोड करू नका प्लीज. इ.स.पू. 71 मध्ये रोमन सेनापती क्रॅससने बंडातल्या 6000 कैद्यांना कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं, ते गाळून कसं चालेल. आणि हो, स्पार्टाकसची बायकोसुद्धा त्याच्यासोबत पळाली होती, भविष्य सांगायची म्हणे, मग तिला गोष्टीत नुसतं रडायलाच का ठेवतात?